घरीच टेपनं ब्रा चं माप घेतलं आणि ३८ बी ची ३४ डी निघाली, माझा अनुभव

रिव्ह्यू तसा वीस रुपयांच्या टेपचा आहे, आपला शिवणकामाचा पिवळा टेप, आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात अस्तर-लेस-गुंड्यांच्या दुकानात मिळतो तोच. पण त्या टेपनं ब्रा चं माप घरी कसं घेतलं आणि त्या मापावर मागवलेल्या ब्रा कशा निघाल्या ते पण यातच लिहितेय. (३८ बी मधला आकडा म्हणजे छातीखालून अंगाभोवती फिरणारी पट्टी, आणि बी-डी हे अक्षर म्हणजे कप, छाती बसते ती वाटी.) लांबडं होईल, पण मला हे अठरा वर्षं कुणी सांगितलं नाही म्हणून सगळं लिहायचंच ठरवलंय.

मी लातूरची, औशाच्या बाजूला शाळेवर शिकवते, रोजचं एसटीनं जाणं-येणं. लग्नाच्या बस्त्याच्या वेळी आईसोबत बाजारात एका दुकानात गेले होते तेव्हा काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडं एकदा वर बघितलं आणि आतल्या पोराला आवाज दिला, "ताईला अडतीस बी दे रे." आई म्हणली बराबर असंल, त्यांचं रोजचंच काम आहे. काळ्या पिशवीत बांधून दिलं, पैसे दिले, घरी आलो, झालं. तिथून पुढं अठरा वर्षं, दोन लेकरं झाली, वजन वाढलं, परत उतरलं, पण मी ज्या दुकानात जाईन तिथं आवाज बारीक करून "अडतीस बी" एवढंच म्हणायचे आणि जे हातात येईल ते घेऊन यायचे. ब्लाऊजचं माप दर सणाला घेतलं जातं, बाही अर्धा इंच लांब झाली तर आपण टेलरबाईकडं परत जातो, आणि जे रोज चौदा तास अंगाला लागून असतं त्याचं माप आयुष्यात एकदाही घेतलेलं नाही. आमच्या शाळेत आम्ही सात बाया आहोत, सगळ्यांना विचारलं, सातपैकी एकीनंही कधी माप घेतलेलं नव्हतं.

त्रास काय होता ते सांगते म्हणजे ज्यांना होतोय त्यांना कळेल. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात वर केला की मागची पट्टी सरकून वर जायची, पार खांद्याच्या हाडांपर्यंत, आणि पुढून सगळं खाली लोंबायचं. मग वर्गाकडं पाठ असतानाच पदराआडून ती पट्टी खाली ओढायची, दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी. पट्टी सैल म्हणून मी खांद्याचे बंद घट्ट करत गेले, ते इतके घट्ट की दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्यात, आता हात लावला तरी लागतात बोटाला. संध्याकाळी मान आणि खांदे असे दुखायचे की लेकीला म्हणायचे जरा पाठीवर उभी राहा. आणि एप्रिल-मे मधे आमच्याकडं चाळीसच्या वर ऊन, त्यात छातीच्या खाली घाम साचून कातडी लाल, खाज, आग. डॉक्टरबाईंनी मलम दिलं, जागा कोरडी ठेवा म्हणल्या, सुती वापरा म्हणल्या. सुतीच वापरत होते मी. पण सैल ब्रा मधे छाती खालच्या कातडीवर टेकून राहते, तिथं हवाच जात नाही, तर कोरडी राहणार कशी, हे मला फार नंतर कळलं.

माप घ्यायचं डोक्यात आलं ते लेकीमुळं. ती नववीत गेली, तिच्यासाठी घ्यायची वेळ आली आणि मी त्याच दुकानाच्या पायरीवर उभी, आणि माझ्या मनात आलं की आता मी पण हिच्यासाठी अंदाजानंच एक नंबर सांगणार आणि ही पण पुढं तोच नंबर बारीक आवाजात सांगत फिरणार. तशीच माघारी फिरले. म्हणलं आधी आपण नीट शिकू, मग तिला शिकवू.

आता टेपचं. घरात आईच्या शिवणाच्या डब्यातला जुना टेप होता, त्यानंच सुरुवात केली आणि पहिलाच घोळ झाला. तो टेप कापडी, वीस-पंचवीस वर्षांचा, वापरून वापरून ताणलेला. लेकराच्या कंपासमधली मोजपट्टी त्याच्याशेजारी ठेवून बघितली तर बारा इंचाला जवळजवळ पाव इंच फरक! म्हणजे छत्तीस-अडतीस इंचापर्यंत जाईस्तोवर पाऊण इंचाची चूक, आणि इथं एका इंचाला कप बदलतो. म्हणून नवीन आणला, वीस रुपये, एका बाजूनं इंच एका बाजूनं सेंटिमीटर, साठ इंची, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी. हा न ताणणारा आहे, हातानं ओढून बघितला, मोजपट्टीशी लावून बघितला, अगदी रेषेला रेष. टेपला माझ्याकडून पाच पैकी पाच. घरी जुना असेल तर आधी मोजपट्टीशी लावून बघाच. आणि टेप नसेल तर परकराची नवी नाडी घ्या, न ताणणारी, अंगाभोवती गुंडाळून जिथं जुळते तिथं चिमटीत धरा आणि मोजपट्टीवर मोजा, तेवढंही चालतं.

माप घ्यायला निवांतपणा लागतो आणि आमच्या घरात तोच मिळत नाही, सासू-सासरे, दीर-जाऊ, चार लेकरं. बाथरूममधे आरसा नाही. शेवटी एका रविवारी दुपारी सगळे झोपले तेव्हा आतल्या खोलीची कडी लावली, लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि धाकट्या जावेला आत घेतलं, कारण टेप पाठीमागं खाली घसरतो आणि आपल्याला दिसत नाही. ती आधी लाजली, मग म्हणली, "ताई, तुमचं झालं की माझं पण घ्या बरं का, माझं तर बाळंतपणानंतर काहीच बसंना."

पहिलं माप मी अंगातल्या जुन्या ब्रा वरूनच घेतलं, ते आलं सदतीस. ब्रा काढून घेतलं तर अडतीस. कारण ती जुनी ब्रा छाती दाबून खाली ढकलत होती. तर पहिली गोष्ट, माप घेताना अंगात काही घालू नका, आणि घालायचंच असेल तर पातळ, बिनपॅडची, बराबर बसणारी.

आधी छातीच्या खालचं माप, जिथं छाती संपते आणि बरगड्या सुरू होतात तिथं. टेप जमिनीला समांतर पाहिजे, पुढं वर-मागं खाली असं चालत नाही, जाऊ मागून बोटानं धरून उभी होती. सहज धरून साडेचौतीस आलं. मग श्वास पूर्ण सोडून, टेप घट्ट ओढून, टोचणार नाही पण बोट सहज आत जाणार नाही इतकं, तर साडेतेहतीस. हे घट्टवालं माप धरायचं, कारण ब्राच्या पट्टीत इलॅस्टिक असतं आणि ती थोडी ताणूनच बसायला पाहिजे. साडेतेहतीसच्या जवळचा सम आकडा चौतीस, म्हणून पट्टी ३४.

मग छातीचं माप, जिथं सगळ्यात जास्त भर आहे तिथून, टेप नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. उभं राहून अडतीस. मग कमरेतून वाकून, पाठ जमिनीला समांतर करून परत घेतलं, साडेअडतीस. लेकरं झालेल्या, दूध पाजलेल्या बायांनी हे वाकून घ्यायचं माप चुकवू नका, कारण उभं असताना छाती खाली आलेली असते आणि तो भाग टेपमधे येतच नाही. माझा अर्ध्या इंचाचा फरक होता, जावेचा तर दीड इंचाचा निघाला.

आता वजाबाकी. छाती वजा पट्टी. एक इंच म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाचाला कुणी डबल डी लिहितं कुणी ई. माझं अडतीस ते साडेअडतीस वजा चौतीस, म्हणजे चार-साडेचार. डी. ३४ डी! मी जावेला म्हणलं परत मोज, काहीतरी चुकलंय. तीन वेळा मोजलं. तेवढंच.

माझ्या डोक्यात डी म्हणजे लई मोठ्या बायांचं, असं काहीतरी बसलेलं होतं, आणि मला खरंच लाज वाटली तो आकडा कागदावर लिहिताना. आता लिहिते स्पष्ट, कारण हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे: नुसत्या अक्षराला काहीच अर्थ नाही. डी म्हणजे फक्त छाती आणि पट्टी यातला चार इंचाचा फरक. ३० डी वाली पोरगी अगदी सडपातळ असू शकते. पट्टी एक नंबर खाली आली की तोच कप एक अक्षर वर जातो. ३८ बी, ३६ सी, ३४ डी, या तिन्हीत कपाची जागा जवळजवळ सारखीच असते, फक्त पट्टीची लांबी बदलते. म्हणजे बघा, मी अठरा वर्षं ३८ बी घालत होते, त्यात कप बऱ्यापैकी भरायचा म्हणून मला कधी शंकाच आली नाही, पण पट्टी चार इंच मोठी होती. छातीचं वजन पट्टीनं उचलायचं असतं, बंदांचं काम नुसतं कप जागेवर धरायचं. माझी पट्टी हवेत, मग सगळं वजन खांद्यांवर. त्या खाचा तिथून आल्यात.

हे कळल्यावर मी त्या ३८ बी ची पट्टी तपासली. ब्रा उलटी घातली, कप पाठीकडं आणि हूक पुढं, म्हणजे नुसती पट्टी अंगावर कशी बसते ते कळतं. सगळ्यात घट्ट हूकवर सुद्धा माझी पूर्ण मूठ आत गेली. जाऊ बघतच राहिली. दोन बोटं जायला पाहिजेत फक्त. तुम्ही वाचतावाचता एवढं एकच केलं तरी कळेल आपलं चुकतंय का.

आता घोळ कुठं होतो ते. मोबाईलवर माप टाकायचे जे कॅल्क्युलेटर असतात त्यातल्या दोघांत मी माझे तेच दोन आकडे टाकले. एकानं सांगितलं ३४ डी, दुसऱ्यानं ३८ ए. आकडे तेच! कारण दुसरा जुन्या पद्धतीनं करतो, छातीच्या खालच्या मापात चार इंच मिळवायचे, साडेतेहतीस अधिक चार म्हणजे साडेसदतीस, म्हणून ३८, आणि मग वजाबाकी शून्य, म्हणून सगळ्यात लहान कप. काही जण पाच पण मिळवतात. ही पद्धत जुनी आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांचे आणि दुकानदारांचे तक्ते अजून त्यावरच चालतात. म्हणून नियम एकच, ज्या कंपनीची घेणार तिचा तक्ता उघडून बघायचा की ती खालच्या मापाला चौतीस म्हणते का अडतीस, आणि वर ती पट्टीची उलटी परीक्षा करायचीच. कॅल्क्युलेटरला माझ्याकडून पाच पैकी दोन. लेबलवर ७५ डी असं काही लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ते सेंटिमीटरवालं आहे, ७० म्हणजे ३२, ७५ म्हणजे ३४, ८० म्हणजे ३६, ८५ म्हणजे ३८.

मागवलेल्या ब्रा. पहिली चुकली. एका ॲपवर दोनशे नव्व्याण्णवला दोन दिसल्या, फोटो चांगला, ३४ डी लिहिलेलं, मागवल्या. लेबल डी चं पण कप बी एवढाच, वरून मांस बाहेर यायला लागलं, काखेजवळ पण. परत करायला गेले तर आतले कपडे परत घेत नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं. सगळी चूक माझीच असं नाही म्हणणार, ते ठळक लिहायला पाहिजे होतं. तर ऑर्डर द्यायच्या आधी परतीचं वाचाच, बदलून देणार असतील तरच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुसरी ५४९ ला, सुती, बिनपॅडची, बिनतारेची (कपाखाली तार नसलेली), पूर्ण झाकणारा कप, बाजूनं वेगळं कापड लावलेलं, बंद चांगले बोटभर रुंद, मागं तीन हूक. ३४ डी. ही घालताना मी जे शिकले ते केलं, नवीन असल्यामुळं सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हूकवर लावली (पुढं इलॅस्टिक ढिलं पडेल तसं आतल्या हूकवर यायचं, सुरुवातीलाच आतल्या हूकवर लावून बसत असेल तर ती मोठी आहे), मग जरा वाकून डाव्या हातानं उजव्या काखेकडचं मांस कपात घेतलं, उजव्या हातानं डावीकडचं. जे मी काखेची चरबी म्हणायचे ते बहुतेक छातीचंच होतं, सैल ब्रा मधून बाजूला पळालेलं.

पहिले दोन दिवस जखडल्यासारखं वाटलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी एसटीत वाटलं की घरी जाऊन काढून फेकावी. इतकी वर्षं सैल पट्टीची सवय, बरगड्यांना कुणी धरल्याची सवयच नाही. पण श्वास पूर्ण घेता येत होता, आणि संध्याकाळी काढल्यावर जी पुसट वळं होती ती थोड्या वेळात गेली, म्हणून ठेवली. श्वास अडत असेल, वळं तासन्‌तास जात नसतील, कातडी सोलत असेल तर ती खरंच लहान आहे, सोसू नका. मधे कुठंतरी असेल तर लेसच्याच दुकानात हूक वाढवायची छोटी जोडपट्टी तीस रुपयांना मिळते. तिसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली, हात खाली आला, आणि माझा डावा हात सवयीनं पाठीमागं गेला पट्टी ओढायला. पट्टी जागेवरच होती. मी तशीच क्षणभर उभी राहिले खडू हातात घेऊन.

खांदेदुखी पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण संध्याकाळी लेकीला पाठीवर उभं करायची वेळ दोन महिन्यांत एकदाच आली. छातीखालची लाली मलमानं आधी पण कमी व्हायची पण परत यायची, यंदा जून लागला तरी परत आली नाही. दुखणं कशाचंही असू शकतं हे ध्यानात ठेवा, आणि माप घेताना हाताला गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून काही येत असेल तर ब्राचं राहू द्या, आधी डॉक्टरकडं जा.

एक खर्च वाढतो तो कुणी सांगत नाही. ब्लाऊज! माझे सगळे ब्लाऊज त्या जुन्या ब्रा वरून माप घेऊन शिवलेले. नवीन ब्रा वर छाती वर आली आणि टक्स (छातीच्या उभारासाठी घातलेल्या शिवणीच्या चिमट्या) सगळे खाली राहिले, कटोरीवाले दोन तर पुढून चुरगळल्यासारखे दिसायला लागले. टेलरबाईनं बघितल्याबरोबर विचारलं, "मॅडम, आतलं बदललं काय?" तिनं टक्स उसवून पाऊण इंच वर घेतले, ब्लाऊजला चाळीस रुपये. ती म्हणली बायकायला मी सांगते माप द्यायला येताना चांगली घालून या, कुणी ऐकत नाही. तर लग्नाचे ब्लाऊज शिवायचे असतील तर आधी ब्रा, मग टेलर.

दुकानाचं पण लिहिते. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या तीन रस्त्यांवरची दुकानं मी आणि जाऊ फिरलो. बहुतेक ठिकाणी ३४ म्हणलं की बी, फार तर सी. डी मागितला तर ३८-४० मधे दाखवतात. पण एका बोळीत छोटं दुकान आहे, एक ताई एकट्या चालवतात, पडदा लावलेला कोपरा आहे, पातळ स्लिपवरून घालून बघू देतात. त्यांच्याकडं पण ३४ डी नव्हती पण त्यांनी स्वतःच विचारलं, "छत्तीस सी बघता का, आतल्या हूकवर?" म्हणजे त्यांना ते पट्टी-कपाचं गणित माहीत होतं! मला इतका आनंद झाला. ३६ सी घेतली, २१० रुपये, आतल्या हूकवर बरी बसते, घरी वापरायला ठीक, शाळेला मात्र ३४ डी च. त्या दुकानाला पाच पैकी चार, एक गेला तो ३४ डी ठेवत नाहीत म्हणून. तारवाली घ्यायची असेल तर मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे आणि तार छातीवर नाही तर छातीच्या बाहेरून फिरली पाहिजे, हे त्यांनी जावेला अंगावर लावून दाखवलं. आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं अगदी नेहमीचं आहे म्हणल्या, मोठ्या बाजूच्या मापाची घ्यायची आणि लहान बाजूचा बंद जरा ओढायचा. जाऊ हे ऐकून इतकी मोकळी झाली, तिला वाटायचं तिच्यातच काही खोट आहे.

जावेचं माप घेताना एक कळलं, बाळ पिऊन झाल्यावर आणि पिण्याआधी यात तिचा इंचभर फरक येतो. म्हणून तिनं पिऊन झाल्यावर दीड-दोन तासांनी घेतलं आणि कपाला थोडी ताणणारी घेतली. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पण छाती जड होते, तेव्हाचं माप धरू नका, पाळी होऊन गेल्यावर घ्या. आणि वजन बदललं, बाळंतपण झालं, की परत घ्यायचं. माझ्यासारखं एकच माप धरून बसायचं नाही.

धुण्याचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आमचं, पाणी जपून वापरायची सवय हाडात आहे, आणि खरं तर ब्राला पाणी लागतंच किती, अर्धी बादली गार पाणी, थोडा साबण, हातानं दाबून धुवायची. पिळायची नाही, कपाचा आकार जातो आणि इलॅस्टिक तुटतं. कडक उन्हात पण टाकायची नाही, आमच्या मे महिन्यातल्या उन्हानं महिनाभरात इलॅस्टिक मरतं. सावलीत, वाऱ्याला, मधोमध दोरीवर टाकून, बंदानं लटकवून नाही. आणि आणखी एक, आपण सगळ्या ती परकराखाली नाहीतर टॉवेलखाली झाकून वाळवतो, कुणाला दिसू नये म्हणून. ती आतून ओलसर राहते आणि तशीच आपण घालतो, मग खाज. मी आता मागच्या पडवीत उघडी वाळत घालते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या दोरीला आणखी दोन चिमटे आणून लावले.

त्यांचं सांगायचं राहिलंच. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, ६६ वर्षांच्या, त्या बॉडी म्हणतात ब्राला. उजवा खांदा जखडलाय दीड वर्षापासून, हात मागं जात नाही, म्हणून त्यांनी घालणंच सोडून दिलं होतं, बाहेर जाताना पदर घट्ट धरून बसायच्या. आम्हा दोघींचं टेपचं चाललेलं त्यांच्या कानावर आलंच. एक दिवस मला म्हणल्या, "माझा हातच मागं जाईना माय, नायतर मी बी घातली असती." मी म्हणलं आत्या, पुढून हूक असलेली मिळते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांचं माप त्यांच्या साडी-ब्लाऊजवरूनच घेतलं, त्यांना तसंच बरं वाटलं, मग दोन्हीतून थोडं कमी केलं. अगदी अचूक नाही पण सुती कापड ताणतं, निभतं. पुढून पाच हूक, बंद रुंद, ३९९. पहिल्या दिवशी हूक लावायला दहा मिनिटं लागली, आता दोन मिनिटांत लावतात, आणि दर गुरुवारी दत्ताच्या देवळात तीच घालून जातात.

लेकीनं तिचं माप स्वतःच घेतलं, दार लावून, मी बाहेरून नुसतं सांगत होते. मग दोघी त्या बोळीतल्या ताईंकडं गेलो आणि नंबर तिनंच सांगितला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

टेप आता कपाटाच्या दाराच्या आत खिळ्याला अडकवलाय. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, तारीख, खालचं, वरचं, तीन बायांच्या तीन ओळी. माझी पुढची ओळ दिवाळीच्या सुट्टीत. तोवर ३४ डी, सुती, बिनपॅडची, लातुरात नाहीतर नांदेडला कुठल्या दुकानात घालून बघून मिळत असेल तर मला नक्की कळवा.